नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन शब्दप्रयोगांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्यात पाळण्याच्या दोरीचा आनंद आहे, दुसऱ्यात निंदेचा डंख. आपल्या समाजाच्या वाट्याला मात्र शतकानुशतके या दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या. ज्यांनी आपल्याला नाव दिले, त्यांनी ते नावे ठेवण्यासाठीच दिले होते. म्हणूनच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण करताना धर्मांतराबरोबर नामांतराचाही विचार मांडला. जुन्या चौकटीत राहून नुसते नाव बदलल्याने काही साधणार नाही, नाव बदलायचे तर चौकटच बदलली पाहिजे, हा त्या विवेचनाचा गाभा होता. पुढे १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी त्याला विरोध करून सभात्याग केला. शब्द गोड होता, पण तो दुसऱ्याने दिलेला होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आजा-आजींनी स्वतःचे नाव स्वतः घेतले. त्याला आता दोन-तीन पिढ्या उलटल्या. तरीही आपल्या अमरावती-अकोला जिल्ह्यांत फिरताना ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ अशी अक्षरे असलेले शासकीय फलक दिसतात. आजोबा बौद्ध, वडील बौद्ध, नातू बौद्ध, आणि तरीही त्या नातवाच्या नावामागे ‘नव’ लागलेलेच. हा ‘नव’ कधी जुना होत नाही, कारण तो काळ सांगत नाही, तर ‘तुम्ही मूळचे कोण ते आम्हाला ठाऊक आहे’ एवढेच सांगतो. हे आपल्याला टोचते आणि टोचलेच पाहिजे.

परंतु या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हाला एक वेगळा प्रश्न आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. स्वतःच्या नावाविषयी इतका जागरूक असलेला आपला समाज दुसऱ्यांच्या नावाविषयी किती जागरूक आहे? याची परीक्षा शेजाऱ्यांवरून घेता येत नाही, कारण शेजाऱ्याशी रोजचा व्यवहार असतो आणि व्यवहार माणसाला सांभाळून बोलायला शिकवतो. खरी परीक्षा होते ती ज्यांना आपण कधी पाहिलेलेही नाही त्यांच्याविषयी बोलताना. म्हणून आम्ही उदाहरण घेतो ते ज्यू समाजाचे.

वऱ्हाडातील आपल्यापैकी बहुतेकांची ज्यू माणसाशी भेट झालेली नाही. त्यांच्याविषयी आपल्याकडे जे काही आहे ते केवळ शब्द आहेत. पठाणी व्याज घेणाऱ्या सावकाराला कोणी ‘शायलॉक’ म्हणतो, कडक गृहपालाला वसतिगृहातील मुले ‘हिटलर’ म्हणतात, आणि वर्तमानपत्रात युद्धाची बातमी आली की ‘ज्यू’ आणि ‘इस्राएल’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. आम्हीही या शाळेत असताना गृहपालांना तेच नाव ठेवले होते, हे प्रांजळपणे कबूल करतो. तेव्हा तो विनोद वाटला. ज्याच्या आज्ञेने सुमारे साठ लाख ज्यू स्त्री-पुरुष-बालकांची हत्या झाली, त्याचे नाव आपण सकाळी लवकर उठवणाऱ्या सज्जन माणसाला देत होतो, हे तेव्हा कोणी आम्हाला सांगितले नाही.

याउलट बाबासाहेबांनी ज्यूंच्या इतिहासातून काय घेतले ते पाहावे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात गावाबाहेरच्या आपल्या वस्तीसाठी त्यांनी ‘घेटो’ हा शब्द योजला. हा शब्द व्हेनिस शहराचा. १५१६ साली तेथील ज्यूंना एका वेगळ्या बंदिस्त भागात राहण्यास भाग पाडले गेले, त्या जागेचे ते नाव. मुळात एका ठिकाणाचे असलेले नाव पुढे जगभरातील बहिष्कृत वस्त्यांना लागले. बाबासाहेबांनी तो शब्द उसना घेतला तो तुलना अचूक करण्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखाचा शब्द घ्यायचा तर तो असा, त्याचे वजन ओळखून घ्यायचा असतो.

आता ज्यू म्हणजे कोणी परके, दूरदेशीचे लोक, ही समजूतही तपासून पाहावी. महाराष्ट्रात शतकानुशतके राहणारे ज्यू मराठी भाषक आहेत. ते स्वतःला ‘बेने इस्राएल’ म्हणवतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही लहानशी हिब्रू प्रार्थना, एवढेच उरले. ही माणसे कोकणात तेलघाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’. गावगाड्याने त्यांच्या धर्माचे जे एक लक्षण पाहिले ते त्यांची जात म्हणून नोंदवून टाकले. त्यांचा सब्बाथ गावाच्या लेखी फक्त सुट्टीचा वार ठरला.

त्यांनी मात्र गावांची नावे आपलीशी केली. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, झिराडकर ही त्यांची आडनावे. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. पुण्यातील ओहेल डेव्हिड हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखले जाते. एकाच धर्माचे स्थान मुंबईत मशीद झाले आणि पुण्यात देऊळ. या नावांत द्वेष नव्हता, आपुलकीच होती. परंतु यावरून एक गोष्ट ध्यानात येते. समाज लहान असला की त्याला स्वतःच्या शब्दाने कोणी ओळखत नाही, पाहणाऱ्याच्या ओळखीच्या शब्दानेच तो ओळखला जातो. ‘बेने इस्राएल’ हे नावदेखील त्यांनी जपले यामागे, मुसलमान राज्यकर्त्यांच्या काळात ‘यहुदी’ या शब्दाला चिकटलेला तिटकारा टाळण्याचा हेतू असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणजे नाव निवडतानाही ऐकणाऱ्याच्या कानांचा विचार करावा लागला. ही सावधगिरी आपल्याला अनोळखी नाही. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव हळूच उच्चारणारे विद्यार्थी आपल्याच शाळांतून बाहेर पडलेले आहेत.

ज्यूंच्या सार्वजनिक प्रतिमेवर शब्दाविषयीच्या त्यांच्या धार्मिक संवेदनशीलतेचाही परिणाम झाला. त्यांच्या धर्मग्रंथात ईश्वराचे चार अक्षरी नाव आहे, पण ते उच्चारले जात नाही. प्रार्थनेत त्याऐवजी ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ असे वाचतात, एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’ म्हणजे केवळ ‘ते नाव’ असे म्हणतात. ज्या कागदावर ते नाव लिहिले आहे तो कागद फाडत नाहीत, टाकत नाहीत. जीर्ण झालेले ग्रंथ वेगळे जपून ठेवतात आणि पुढे आदराने पुरतात. संत गाडगेबाबांच्या आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वऱ्हाडाला हे विलक्षण वाटेल. येथे ईश्वराचे नाव टाळ-खंजिरीवर मोठ्याने घेणे हीच भक्ती. तेथे न घेणे ही भक्ती. आपण बौद्ध तर ईश्वरालाच मानत नाही, म्हणून हा भेद आपण तटस्थपणे पाहू शकतो. ज्याला एकाचे नामस्मरण गोंगाट वाटत नाही, त्याला दुसऱ्याचे मौन कारस्थान वाटू नये.

परंतु इतिहासात तसेच झाले. मौनाला गुप्तता समजले गेले आणि गुप्ततेला कपट. ‘कोल निद्रे’ या पाठाचे उदाहरण बोलके आहे. योम किप्पूर या उपवासाच्या पवित्र दिवसाच्या पूर्वसंध्येला ज्यू लोक, ईश्वरापुढे केलेल्या आणि पाळता न आलेल्या नवसांतून व व्रतांतून मुक्तता मागतात. दिलेल्या शब्दाचे भय इतके मोठे की मोडलेल्या नवसाचे ओझेही मनाला सोसत नाही, असा त्यामागचा भाव आहे. माणसाने माणसाला दिलेल्या वचनाला हा पाठ लागू नाही, असे त्यांचे धर्मगुरू वारंवार सांगत आले. तरीही युरोपात त्याचा अर्थ उलटा लावला गेला. ‘हे लोक वर्षातून एकदा आपल्या सगळ्या शपथा रद्द करतात, मग यांच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवावा?’ या समजुतीने अनेक देशांच्या न्यायालयांत ज्यूंना वेगळी, अपमानकारक शपथ घ्यावी लागे. फ्रान्समध्ये ती १८४६ पर्यंत चालू होती. जो समाज शब्दाला सर्वाधिक जपत होता, त्याचाच शब्द खोटा ठरवला गेला.

हे वाचून आपल्याला काही आठवावयास हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला आणि १९५२ साली त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु कागदावरचा शिक्का पुसला तरी तोंडातला पुसत नाही. आपल्याच जिल्ह्यांत फासेपारधी बांधवाने सत्य सांगितले तरी त्याच्या नावावरून त्याच्या शब्दाचे मोल आधीच ठरलेले असते. व्हेनिसचा घेटो आणि वऱ्हाडातील बेडा यांत हजारो कोसांचे अंतर आहे, पण अविश्वासाची रीत एकच आहे.

दुसरे उदाहरण ग्रंथांचे. १२४० साली पॅरिसमध्ये ज्यूंच्या ‘तालमूद’ या धर्मचर्चेच्या ग्रंथावर जणू खटलाच चालवला गेला. त्यातील काही वचने ख्रिस्ती धर्माच्या भावना दुखावतात, असा आरोप होता. १२४२ मध्ये त्या ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या भरून जाळण्यात आल्या. मुद्रणकला नसलेल्या त्या काळात एकेक प्रत लिहायला किती दिवस लागत असतील, याची कल्पना करावी. पुढील शतकांत छापील प्रतींतील शब्द खोडले गेले, बदलले गेले. आणि ज्यांचे शब्द खोडले गेले तेच लोक ‘आमच्याविषयी काहीतरी वाईट लिहून लपवतात’ असे म्हणवले गेले.

हे दूरचे वाटू नये. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून भावना दुखावल्याची ओरड झाली. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत त्या ग्रंथाची प्रत जाळण्यात आली. त्यानंतर मुंबईत निघालेल्या विराट मोर्चाच्या आठवणी आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या मनात अजून ताज्या आहेत.

येथे कोणी म्हणेल, ‘तुम्हीही २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली होती.’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उत्तर असे की, मनुस्मृतीचे दहन ही ज्यांच्यावर तो कायदा लादला गेला त्यांनी केलेली घोषणा होती, ‘हा कायदा आम्हाला बंधनकारक नाही’ एवढीच. त्या दहनाने मनुस्मृती वाचण्याचा कोणाचाही अधिकार हिरावला नाही. बाबासाहेब स्वतः पुढेही तो ग्रंथ वाचत आणि उद्धृत करत राहिले. तालमूद जाळणाऱ्यांच्या हाती सत्ता होती आणि त्यांना एका दुबळ्या समाजाचा आवाजच नष्ट करावयाचा होता. संवेदनशीलतेचा दावा कोण करतो आणि त्याने कोणाचे तोंड बंद होते, हे पाहिल्याशिवाय न्याय करता येत नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे ‘कोणाविषयी काही बोलू नका’ असे नाही. धर्मचिकित्सा हा आपला वारसा आहे आणि ज्यू धर्मही चिकित्सेच्या बाहेर नाही. खुद्द बेने इस्राएलांमध्ये ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. जातीची सावली समुद्रातून वाचून आलेल्यांवरही पडलीच. पुढे हेच लोक इस्राएलमध्ये गेले, तेव्हा तेथील धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांविषयी वंशशुद्धीच्या शंका काढल्या. त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ साली त्यांना न्याय मिळाला. भारतात भेद करणारे तेथे भेदाचे बळी ठरले. हे सांगण्यात त्यांची निंदा नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना आजही हळू आवाजात पोटजात विचारली जाते, तोवर निंदेचा अधिकार आपल्याला नाहीच.

त्याचप्रमाणे इस्राएल या राज्याच्या कृतींवर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार, दोहोंविषयी करुणावान माणसाने बोलावेच. परंतु बोलताना ‘सरकार’, ‘सैन्य’, ‘राज्य’ हे शब्द वापरावेत, ‘ज्यू’ हा शब्द वापरू नये. कारण त्या शब्दात अलिबागचा तेली आहे, ‘बूट पॉलिश’ चित्रपटात अनाथ मुलांना कष्टाची भाकर खायला शिकवणाऱ्या जॉन चाचाची भूमिका करणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर आहेत, मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस आहेत, स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आहेत आणि कवी निस्सीम इझिकेल आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी कुलाब्याचे नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र हेरून गाठले, ते माणसांना एका शब्दात कोंबण्याच्या याच वृत्तीमुळे. ‘ते सगळे तसेच’ या वाक्याचा शेवट कोठे होतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

शब्द बदलता येतात, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००६ साली नवी मुंबईतील खारघर येथे एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देण्यात आले. ज्यू समाजाने आक्षेप घेतला, संवाद झाला आणि मालकाने नाव बदलले. काचा फुटल्या नाहीत. दुखावलेल्याने का दुखते ते सांगितले आणि समोरच्याने ऐकले. बहुतेक वेळा असे नाव ठेवण्यामागे द्वेष नसतो, अज्ञान असते. आणि अज्ञान दूर करणे हेच तर शाळेचे काम आहे.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचेला स्वतंत्र स्थान दिले. खोटे, चहाडीचे, कठोर आणि निरर्थक बोलणे टाळावे, असा तिचा अर्थ आपण विहारात लहानपणापासून ऐकतो. ज्यू धर्मातही ‘लशोन हारा’, म्हणजे दुष्ट जीभ, हे मोठे पाप मानले आहे. दुसऱ्याची निंदा खरी असली तरी विनाकारण करू नये, असा त्यांचा दंडक आहे. ईश्वर मानणारा एक धर्म आणि न मानणारा दुसरा, दोघेही जिभेपाशी येऊन एकच गोष्ट सांगतात, हे आम्हाला फार आश्वासक वाटते.

म्हणून आपल्या शाळेपुढे आम्ही काही लहान अपेक्षा ठेवतो. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ची कथा शिकवताना शायलॉकच्या व्याजाबरोबरच युरोपात ज्यूंना जमीन आणि बहुतेक धंदे वर्ज्य होते, हेही मुलांना सांगावे. इतिहासाच्या तासाला महाड आणि येवल्याबरोबर नवगावचाही उल्लेख व्हावा. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. आणि वसतिगृहात गृहपालांना टोपणनाव ठेवायचेच असेल, तर मुलांनी दुसरे शोधावे. वऱ्हाडी बोलीत अशा शब्दांची वाण नाही.

आपल्या हजेरीपटावर मुलाचे नाव लिहिताना शिक्षक विचारतात, ‘बेटा, तुझे नाव काय?’ ते स्वतः नाव ठरवत नाहीत, मुलाला विचारतात. जगातील प्रत्येक समाजाला आपण एवढेच विचारावे आणि तो जे सांगेल ते नीट लिहून घ्यावे. आपले नाव दुसऱ्यांनी नीट लिहावे, अशी अपेक्षा धरण्याचा नैतिक अधिकार त्यानंतरच पूर्ण होतो.

भवतु सब्ब मंगलं.